आई, बाईंचा आवाज येत नाहीये!

हे पत्र आणि उत्तर २०२१ च्या पावसाळ्यातलं, कोविडमुळे शाळा घरून ऑनलाइन भरत होत्या तेव्हाचं. पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई नवी मुंबईत घणसोलीला वन बीएचकेमध्ये राहतात. विम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीत सव्वाचार वर्षं नोकरी, आणि मार्च २०२० पासून काम घरूनच. पती जवळच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये जातात. मुलगी चौथीत, मुलगा सीनियर केजीत. सासूबाई सोबत असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना फार ऊठबस झेपत नाही. मुलीचा वर्ग साडेआठ ते साडेअकरा, हॉलमध्ये टॅबवर. मुलाचा नऊ ते साडेदहा, आईच्या फोनवर, बेडरूममध्ये तिच्या शेजारी बसून. साडेनऊला ताईंची टीमची मीटिंग. मागच्या आठवड्यात माईक चालू राहिला आणि ‘आई, झाली, धुवायला ये’ हे मॅनेजरसकट सगळ्यांनी ऐकलं. त्याच दुपारी मुलीच्या वर्गशिक्षिकांचा निरोप आला की ती कॅमेरा बंद ठेवते, विचारलं तर उत्तर देत नाही. संध्याकाळी फोन हिसकावून घेताना मुलाच्या पाठीत धपाटा बसला. ‘मला दोन्ही जमत नाही. मुलांचं हे दुसरं वर्ष वाया चाललंय. नोकरी सोडू का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

‘दोन्ही जमत नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेळा आलंय. पण तुम्हीच लिहिलेली सकाळ उलगडून पाहिली तर तुम्ही दोन नाही, तीन कामं करताय. एक ऑफिसचं, दुसरं घराचं आणि तिसरं दोन वर्गांच्या मॉनिटरचं. मूल फळ्याकडे बघतंय का, योग्य पान उघडलंय का, म्यूट काढलंय का, बाईंनी नाव घेतल्यावर ‘येस टीचर’ म्हटलं का, हे सगळं पाहणारा मॉनिटर. शाळा इमारतीत भरत होती तेव्हा हे काम कुठलीच आई करत नव्हती. मुलगी तासाला खिडकीबाहेर बघायची तेव्हाही तुम्हाला ते कळत नव्हतं, आणि त्यामुळे तिचं काही बिघडलं नाही. आता ते डोळ्यांसमोर घडतंय म्हणून ती तुमची जबाबदारी झाल्यासारखी वाटते. नोकरी सोडायची की नाही ते नंतर बघू. आधी हे तिसरं काम सोडा.

‘वर्ष वाया’ याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तुमच्या घाईचं मूळ तिथे आहे. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचं शिक्षण मंत्रालय) १४ जुलै २०२० रोजी ‘प्रज्ञाता’ या नावाने ऑनलाइन शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, तेही पालकांशी बोलण्यासाठी आणि त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी, असं म्हटलंय. पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं. आता तुमच्या घरात बघा: सीनियर केजीला दीड तास, चौथीला तीन तास. तुमचा मुलगा चाळिसाव्या मिनिटाला खुर्चीवरून घसरून पलंगाखाली जातो असं तुम्ही लिहिलंय. पाच वर्षांचं मूल चाळीस मिनिटं पडद्यासमोर टिकलं हेच खूप झालं. दोष वेळापत्रकात आहे, त्याच्यात नाही. मुलीचं म्हणाल तर शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे चौथीत कुणालाही नापास करून मागे ठेवता येत नाही. कच्चं राहण्याची काळजी खरी आहे, पण ती भरून काढता येते. राज्याच्या एससीईआरटीने, म्हणजे शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, १ जुलै २०२१ पासून दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू केलाय तो मागच्या इयत्तेतलं राहिलेलं पक्कं करण्यासाठीच. तिची शाळा दुसऱ्या बोर्डाची असली तरी त्यातल्या मराठी आणि गणिताच्या कृतिपत्रिका घरी सोडवून घ्यायला काहीच हरकत नाही.

आता कामाचं. येत्या सोमवारपासून पाच दिवस लॅपटॉपशेजारी एक पाठकोरा कागद ठेवा. मुलं कामातून उठवतील तेव्हा फक्त दोन गोष्टी लिहायच्या, वेळ आणि कारण. ‘९.१२, आवाज नाही.’ ‘९.२०, पेन्सिल.’ ‘९.३४, शी.’ ‘९.५०, ओटीपीसाठी फोन घेतला, वर्ग तुटला.’ ‘१०.०५, भूक.’ राग, उपदेश, काही लिहायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी कागद घेऊन बसा आणि कारणांचे गट करा. तुमच्या पत्रातच एका सकाळचे सहा प्रसंग आलेत, आणि त्यातला फक्त एक अभ्यासाचा आहे: मुलीला अपूर्णांक कळले नाहीत. बाकीचे पाच प्रसंग यंत्राचे, वस्तूंचे किंवा पोटाचे. या पाचांना आई लागत नाही, आदल्या रात्रीची वीस मिनिटं लागतात. कागद कशासाठी, तर आपल्याला वाटतं की दिवसभर मुलं ओढतच असतात. लिहून काढलं की कळतं, टक्कर सलग दिवसभर नसते. तुमची बहुधा सव्वानऊ ते सव्वादहा या एका तासात आहे. पूर्ण दिवसाची घडी बदलायची नाही, हा एक तास सोडवायचाय.

त्या तासातला सगळ्यात मोठा गुंता तुमचा फोन. ऑफिसच्या लॉगिनचा ओटीपी ज्या फोनवर येतो, तोच फोन मुलाच्या वर्गात. म्हणजे दर वेळी लॉगिन तुटलं की तुम्ही त्याच्या हातून वर्गच काढून घेता, आणि त्याच्या दृष्टीने आई मधेच येऊन बाई बंद करते. नंतरचा रडण्याचा आणि धपाट्याचा प्रसंग इथूनच सुरू होतो. घरात पडून असलेला एखादा जुना स्मार्टफोन शोधा, तुमचा, नणंदेचा, भावाचा, कुणाचाही. त्यात सिम नको. वायफायवर वर्ग चालतो, आणि सिम नसल्यामुळे मधे फोन येत नाही, बँकेचे संदेश येत नाहीत, तुमचा ऑफिसचा व्हॉट्सॲप गट टुणटुणत नाही. घेताना दोन गोष्टी बघा. मागचं झाकण फुगून उचललं गेलं असेल तर आतली बॅटरी फुगली आहे, तो फोन वापरायचा नाही आणि चार्जिंगलाही लावायचा नाही. दुसरं, वर्गाचं ॲप त्यावर अपडेट होतंय का ते रविवारीच बघा, सोमवारी पावणेनऊला नाही. फोन रात्री चार्ज करून ठेवा. चार्जिंगला लावून वर्ग चालवला की जुना फोन तापतो, चित्र अडकायला लागतं आणि आपण नेटला दोष देत बसतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीत ‘ॲप पिन’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ची सोय असते. ती आणि तिच्यातला ‘सोडवताना पिन विचारा’ हा पर्याय चालू केला की वर्गाचं ॲप पडद्यावर जखडलं जातं, पिन टाकल्याशिवाय कार्टूनकडे जाता येत नाही.

जुना फोन मिळाला नाही तर तोवर एवढं करा: पावणेनऊलाच ऑफिसचं लॉगिन उरका आणि मग फोन त्याच्या हातात द्या. आयटी विभागाला एक ओळीचा मेल टाकून विचारा की ओटीपीऐवजी लॅपटॉपवरच मंजुरी मिळण्याची सोय आहे का, आणि किती वेळ काम थांबलं की लॉगिन तुटतं. ऑफिसचा लॅपटॉप मात्र मुलांच्या वर्गाला देऊ नका. दाव्यांची कागदपत्रं म्हणजे लोकांच्या आजारपणाची माहिती असते, आणि चुकून स्क्रीन शेअर झाली तर ते प्रकरण माईक चालू राहण्यापेक्षा फार मोठं होईल.

पुढचं कारण ‘आवाज येत नाहीये’. याला तुम्ही दर वेळी उठून जाता. चौथीतली मुलगी हे स्वतः सोडवू शकते, तिला फक्त क्रम हवा. एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून टॅबमागच्या भिंतीवर चिकटवा. आधी इअरफोनची पिन पूर्ण आत दाबायची, अर्धी बसली की एका कानात येतं किंवा येतच नाही. मग आवाजाचं बटण वर्ग चालू असताना वाढवायचं, कारण बऱ्याच टॅबमध्ये गाण्यांचा आवाज आणि कॉलचा आवाज वेगवेगळा असतो. मग ब्लूटूथ बंद आहे ना ते बघायचं. तुमचे ब्लूटूथ इअरफोन कधीतरी टॅबला जोडलेले असतील तर ते केसमधून काढताच टॅब त्यांना पकडतो, आणि बाईंचा आवाज बेडरूममध्ये तुमच्या कानात जातो. तरीही नाही आला तर वर्गातून बाहेर पडून परत आत जायचं. आणि चॅटमध्ये ‘आवाज येतोय का?’ असं मैत्रिणीला विचारायचं. तिलाही येत नसेल तर गडबड बाईंच्या बाजूला आहे, आईला हाक मारायची नाही. रविवारी हे तिच्याकडून तीनदा करून घ्या, मुद्दाम बिघडवून.

तुम्ही नेटचा मोठा प्लॅन घ्यायच्या विचारात आहात. पैसे घालवू नका. एका व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी साधारण दीड-दोन एमबीपीएसचा वेग पुरतो. तिन्ही एकदम चालले तरी दहाच्या आत भागतं, तुमचा प्लॅन पन्नासचा आहे. अडचण घरातल्या वायफायची आहे. तुमचा राउटर टीव्हीमागे, जमिनीपासून फूटभर उंचीवर, आणि तुम्ही काँक्रीटच्या भिंतीपलीकडे. तो माणसाच्या उंचीला, मोकळ्यावर आणा. घणसोलीसारख्या दाटीच्या इमारतींत प्रत्येक घराचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर बडबडत असतो. तुमच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर हॉलमधली उपकरणं त्यावर घ्या. पण तो भिंत ओलांडताना क्षीण होतो, म्हणून बेडरूमला उपयोगी नाही. तिथे लॅपटॉपला सरळ केबल ओढा, दहा-पंधरा मीटरची, ‘कॅट ६’ प्रकारची नेटची केबल, दाराच्या चौकटीच्या कडेने. पावसाळ्यात हे दोन महिने वीज जाणार हे धरूनच चाला. १२ ऑक्टोबर २०२० ला तर मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची एकदमच गेली होती. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पंपापुरता असतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस दीड-दोन हजारांत मिळतो आणि काही तास काढतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट देऊ नका. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी, नाहीतर राउटर जिवंत आणि नेट मेलेलं. वीज जाताच कधी केबलवाल्याचा खालचा डबाही बंद पडतो. अशा दिवशी मोबाइल डेटावर चालवताना व्हिडिओ वर्गाला तासाला जवळपास एक जीबी जाऊ शकतो हे लक्षात ठेवा. दिवसाच्या दीड जीबीत मुलीचे तीन तास बसणार नाहीत, कॅमेरा बंद करून बसू दे.

कॅमेऱ्यावरून आठवलं. मुलगी तो बंद का ठेवते हे तुम्ही तिला विचारलंय का? पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की पावसामुळे हॉलमध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातलेत, आणि सासूबाई दिवाणावर पडून असतात. तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे. म्हणजे कॅमेऱ्यात तिच्या मागे काय दिसतं? चड्ड्या-बनियन आणि झोपलेली आजी. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला वर्गातल्या चाळीस जणांसमोर याची लाज वाटू शकते, आणि ती हे आपण होऊन सांगणार नाही, कारण सांगितलं तर आजीला वाईट वाटेल. हा अंदाज आहे, चुकीचाही असेल. पण बाईंच्या तक्रारीवरून तिला रागवण्याआधी तिच्या खुर्चीवर स्वतः बसा, कॅमेरा लावा आणि मागे काय दिसतं ते बघा.

बसण्याच्या जागाच बदलून पाहा. सध्या सगळ्यात जास्त बोलणारं मूल सगळ्यात जास्त बोलणाऱ्या आईशेजारी आहे. उलट करा. मुलगी बेडरूममध्ये, पाठीमागे मोकळी भिंत, कानात इअरफोन, खिडकीचा उजेड बाजूने. उजेड पाठीमागून आला की चेहरा काळा दिसतो. ती तीन तासांत दहा मिनिटंही बोलत नसेल. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, नाहीतर ती पलंगावर पोटावर झोपून ऐकणार आणि पंधरा मिनिटांत डुलक्या घेणार. दर वीस मिनिटांनी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे वीस सेकंद बघायचं, डोळ्यांसाठी. तुम्ही त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तोंडाजवळ माईक असलेला हेडसेट लावून. मुलगा हॉलमध्ये आजीजवळ, इअरफोनशिवाय, कारण त्याला बाईंच्या मागून गाणी म्हणायची असतात आणि आजीलाही ती ऐकू येतात. मीटिंग झूमवर असेल तर कायम म्यूटवर राहा आणि बोलायचं तेव्हा स्पेसबार दाबून धरा. बोट उचललं की माईक आपोआप बंद होतो. मागच्या आठवड्यातला प्रसंग त्याने टळला असता.

तो प्रसंग तुम्हाला फार लागलाय, पण त्यात तुमच्या मुलाने एक अगदी योग्य गोष्ट केली: मदत हवी होती, मागितली. आता त्याला धुवायला शिकवा. पाच वर्षांचं मूल आठ-दहा दिवसांत शिकतं. तुमच्याकडे फवारा असेल तर त्याची धार त्याच्या हाताला आवरत नाही, सगळीकडे पाणी होतं. म्हणून आधी छोट्या तांब्याने, पुढे किंचित वाकून, डाव्या हाताने, मग साबणाने हात. सुरुवातीला तुम्ही नुसतं शेवटी बघायचं. आणि नाश्ता सव्वाआठला झाला की पावणेनऊला त्याला बसवायची सवय लावा, होवो न होवो.

त्याच्या शाळेला संदेश पाठवा. भांडणाचा सूर नको, मजकूर असा चालेल: ‘नमस्कार टीचर. केंद्र सरकारच्या १४ जुलै २०२० च्या प्रज्ञाता सूचनांमध्ये पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा सुचवली आहे. तो रोज पहिली ३० मिनिटं वर्गात बसेल. पुढचा उपक्रम आम्ही दुपारी घरी करून फोटो पाठवू. उपक्रम आदल्या संध्याकाळी कळवलात तर सोयीचं होईल.’ बऱ्याच शिक्षिकांना हे मनातून पटतं, त्यांनाही वीस मुलांना दीड तास धरून ठेवणं जड जात असतं. नकार आला तर मुख्याध्यापकांना तोच संदेश मेलने पाठवा. म्हणजे साडेनऊला तो मोकळा, नेमकी तुमची मीटिंग सुरू होताना. तेव्हा आजीने त्याला साडेनऊचा डबा द्यायचा, शाळेतल्यासारखा खरा डबा, सकाळीच भरून ठेवलेला. तूप-साखरेचा पोळीचा रोल, केळं, राजगिऱ्याची वडी. हातात डबा असलेलं मूल वीस मिनिटं एका जागी बसतं, आणि तुमची मीटिंग वीस मिनिटांचीच आहे. मग एका ताटात राजमा, छोले आणि वाटाणे मिसळून निवडायला द्या, दोरीचे चिमटे वाटीच्या काठाला लावायला द्या, कणकेचा गोळा द्या. बोटांत जोर आला की अक्षर सुधारायला मदत होते, पडद्यावरचं ‘ए फॉर ॲपल’ ते करू शकत नाही.

सासूबाईंकडून एवढंच मागा. त्यांना टॅब, लिंक, पासवर्ड यात ओढू नका. ते जमलं नाही की त्यांना अपमान वाटतो आणि तुम्हाला चीड येते. दुपारी नातीचे पाढे आणि मोठ्याने वाचन ऐकणं हे काम मात्र पूर्णपणे त्यांचं करा आणि त्यात लक्ष घालू नका. मुलीसाठी एक वही करा, ‘विचारायचं आहे’ या नावाची. वर्गात जे कळलं नाही ते त्यात पान क्रमांकासकट लिहायचं, तेव्हाच्या तेव्हा आईकडे यायचं नाही. संध्याकाळी साडेसहाला पंचवीस मिनिटं तुम्ही तिच्या एकटीच्या. अपूर्णांक भाकरीवर शिकवा: चतकोर, अर्धी, पाऊण हे शब्द तिच्या कानावर आहेतच. मीटिंग चालू असताना तुमच्या खुर्चीवर लाल ओढणी टाका. ती असताना तीनच कारणांनी हाक मारायची: लागलं, आजीला बरं वाटत नाही, दारावर अनोळखी माणूस. पाचेक दिवस ते नियम मोडतील, मग पाळतील. फक्त मीटिंग संपताच ओढणी काढायची. ती दिवसभर तिथेच राहिली तर तिचा अर्थ संपला.

तुमच्या पत्रात पती कुठे आहेत, हे मी दोनदा शोधलं. ‘ते पाळीला असतात’ एवढं एकच वाक्य सापडलं. पण सकाळी सात ते तीनची पाळी असते त्या आठवड्यात ते चारला घरी असतात. तीन ते अकराच्या आठवड्यात सकाळी घरीच असतात आणि आठ तास झोपूनही साडेआठला उठू शकतात. फक्त रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांना खरंच झोप हवी. म्हणजे तीन आठवड्यांचं एक चक्र आहे. तीन वेगळे कागद करून फ्रिजवर लावा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दोन्ही वर्ग आणि साडेनऊचा डबा त्यांच्याकडे, पहिल्या पाळीच्या आठवड्यात सेतू अभ्यास आणि मुलाला खाली आवारात नेणं. ‘मदत करा’ असं म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचं राहतं आणि ते पाहुणे. ‘या आठवड्यात सकाळची शाळा तुमची’ असं म्हणा आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीने केलं तर दुरुस्त करायला जाऊ नका.

मॅनेजरशी बोलताना माफीने सुरुवात करू नका. दाव्यांचं काम मोजता येतं, याचा फायदा घ्या. रोज किती दावे निकाली काढायचे हा आकडा ठरलेला आहे. सांगा की साडेसहा ते आठ या वेळेत मी शांतपणे फायली उरकते, सव्वाआठ ते सव्वानऊ कॉल ठेवू नका, मीटिंगला असेनच, आकडा पूर्ण करेन, तीन आठवडे करून बघू. हे बोलल्यावर मेलवरही लिहा. आणि सकाळी दीड तास लवकर बसलात तर संध्याकाळी दीड तास आधी लॅपटॉप मिटायचा, हे त्याच मेलमध्ये येऊ द्या. नाहीतर दिवस पहाटे सुरू होऊन रात्री दहाला संपेल आणि चार आठवड्यांत तुम्ही पुन्हा हेच पत्र लिहाल.

नोकरी सोडण्याचं आत्ता ठरवू नका, आणि त्याचं एक रोख कारण आहे. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी रक्कम, नियमाप्रमाणे सलग पाच वर्षं भरली की मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं. तुमची सव्वाचार झालीत. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पुरेत असं काही ठिकाणी मानतात, पण त्यावर विसंबू नका. पीएफही पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. आणि कंपनीचा आरोग्य विमा, ज्यात तुम्ही सासूबाईंना घातलंय, तो साधारणपणे शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. कोविडच्या दिवसांत त्यांच्या वयाला नवा विमा सहज मिळत नाही, मिळाला तरी जुन्या दुखण्यांना थांबण्याचा काळ लावतात. सोडण्याआधी बिनपगारी रजा, कमी तासांचं काम, दुसऱ्या टीममध्ये बदली, हे तिन्ही एचआरला लेखी विचारा. सहा आठवडे वरची घडी बसवून बघा. त्यानंतरही तुमची झोप पाच तासांवरच असेल, मुलगा सतत घाबरलेला असेल किंवा तुम्हाला रोज सकाळी रडू येत असेल, तर पाच वर्षं भरण्याची वाट न बघता सोडा. तेव्हा ती हार नसेल. फक्त आत्ता, एका वाईट मंगळवारच्या रात्री, तो निर्णय नको.

राहिला धपाटा. त्याला जवळ घेऊन एवढंच सांगा, ‘त्या दिवशी मी तुला मारलं, ते चुकलं माझं. फोन ऑफिसला हवा होता.’ त्यापुढे ‘पण तूही’ जोडू नका. मग त्याला जुना फोन दाखवा आणि सांगा की हा तुझ्या शाळेचा, हा कुणी मधेच घेणार नाही. त्याच्या नावाचं स्टिकर त्यालाच लावू दे.